ड्रेनेज वेगळं, पावसाळी लाईन वेगळी: ओढ्याकाठच्या सोसायट्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ओढ्याकाठी जिथे जिथे सांडपाण्याची आणि पावसाची लाईन वेगळी करायचं काम निघतं तिथे प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं आंबिल ओढ्याची आणि मुठेची आहेत, पण ठाणे, नाशिक, कोल्हापूरवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. माझं मत आधीच सांगतो, रस्त्यात दोन पाईप टाकणं हा सोपा भाग आहे, खरं काम तुमच्या कंपाऊंडच्या आत आहे आणि तिथेच सगळे कंटाळा करतात.

१. ड्रेनेज लाईन आणि पावसाळी लाईन यात नक्की फरक काय? दोन्ही गटारंच ना?

संडास, बाथरूम, किचन सिंक यांचं पाणी जातं ती ड्रेनेज लाईन, तिचं टोक मैलाशुद्धीकरण केंद्रात म्हणजे एसटीपीत असतं, निदान असायला हवं. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळ्या दिसतात ती पावसाळी लाईन, तिचं टोक थेट ओढ्यात किंवा नदीत, मधे प्लांट नाही की काही नाही. म्हणजे जाळीत जे जाईल ते जसंच्या तसं ओढ्यात. एवढं डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

२. पुण्यात तर लाईन आधीपासून वेगळ्याच आहेत असं ऐकलंय, मग आता काय वेगळं करायचंय?

कागदावर वेगळ्या. कोलकात्याच्या जुन्या भागात इंग्रजांनी विटांची मोठी गटारं बांधली आणि सांडपाणी, पाऊस दोन्ही त्यातच, तसा प्रकार इथे मुळात नव्हता. इथे झालं असं की गावाबाहेरची शेतं एकेक करून प्लॉट झाली, बिल्डरला जी लाईन जवळ सापडली त्यात कनेक्शन मारलं, कुठे ड्रेनेज लाईनच नव्हती म्हणून संडासाचं पाणी पावसाळीत, कुठे पावसाळी नव्हती म्हणून गच्चीचं पाणी ड्रेनेजमधे, आणि कुठे दोन्ही नव्हतं म्हणून सरळ ओढ्यात पाईप सोडून मोकळे. महापालिकेत नंतर आलेल्या समाविष्ट गावांत हे जास्त दिसतं पण पेठांतला नागझरी ओढा बघितलात तर जुनं पुणंही काही सोवळं नाही. एकत्र लाईन कोणी ठरवून केली नाही, ती होत गेली, आणि म्हणूनच सोडवायला जास्त अवघड आहे कारण नकाशात ती दिसतच नाही.

३. पावसाचं पाणी ड्रेनेजमधे गेलं तर बिघडतं काय? उलट लाईन धुऊन निघेल की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून हिशोबच मांडतो. समजा १० हेक्टरचा भाग आहे, म्हणजे पंचवीसेक एकर, आणि ५,००० लोक राहतात. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे दिवसाला ५ लाख ४० हजार लिटर. सकाळच्या गर्दीला सरासरीच्या तिप्पट धरलं तरी तासाला ६७ हजार लिटरच्या आसपास. आता त्याच भागावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे वळवाचा एक जोरदार सडाका झाला, आणि काँक्रीट, डांबरामुळे त्यातलं ८० टक्के वाहून गेलं तर तासाला २० लाख लिटर. जवळजवळ तीस पट! पाईप सांडपाण्याच्या हिशोबाने टाकलाय, त्यात हे मावणार कसं? म्हणजे लाईन धुऊन निघत नाही, ती झाकणं उडवून रस्त्यावर येते.

४. मग ते जास्तीचं पाणी जातं कुठे?

चेंबरमधून रस्त्यावर, रस्त्यावरून जाळीत, जाळीतून ओढ्यात, ओढ्यातून मुठेत. जे प्लांटपर्यंत पोचतं त्यातलंही क्षमतेबाहेरचं पंपिंग स्टेशनवरूनच नदीत सोडावं लागतं, कारण मशिनरी बुडवून चालत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूर पितं, खाली पंढरपूरला त्याच नदीत वारकरी आंघोळ करतात. आपण इथे 'गेलं वाहून' म्हणतो, ते दौंड-इंदापूरकडच्या माणसाला हिरवं पाणी आणि जलपर्णी होऊन भेटतं.

५. दोन लाईनपेक्षा एकच मोठ्ठी लाईन का नाही टाकत? एकदाच खोदाई.

कारण वर्षातले आठ महिने पाऊस नसतो. सांडपाण्याच्या पाईपमधे पाणी सेकंदाला साधारण दोन फूट तरी धावलं पाहिजे, तरच मैला आणि वाळू पुढे सरकते. चार फुटी पाईपात सकाळचं थोडंसं पाणी सोडलं तर ते तळाला पसरून रेंगाळतं, गाळ बसतो, सडतो, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा गॅस तयार होतो आणि तो गॅस काँक्रीटसुद्धा खातो. मग पहिल्या पावसात तो सगळा साठलेला गाळ एकदम उठतो आणि एकाच दिवशी नदीत. जूनच्या सुरुवातीला मेलेले मासे दिसतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, नदीतला प्राणवायू काही तासांत संपतो.

लंडनसारख्या शहरांनी एकत्र लाईन ठेवून खाली बोगदा खणायचा मार्ग घेतला. थेम्सखालचा तो २५ किलोमीटरचा बोगदा २०२५ मधे पूर्ण जोडला गेला. पण तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत सगळा. तो उपाय इथे तसाच्या तसा आणायचा तर बोगदा किती मोठा लागेल आणि आठ महिने त्याचं काय करायचं हे आधी सांगा.

६. आमच्या बिल्डिंगचं पाणी कुठल्या लाईनला जातं ते कसं ओळखायचं?

एप्रिल-मेमधे, आठवडाभर पाऊस नसताना, सकाळी सात-आठच्या सुमारास रस्त्यावरचं पावसाळी चेंबर उघडून घ्यायचं. उघडायचं काम खात्याच्या माणसांनी, तुम्ही फक्त बघायचं. आत कोरडी माती, प्लॅस्टिक आणि झुरळं असतील तर उत्तम. साबणाचा फेस, भाताची शितं, तळाला करडी बुळबुळीत पट्टी आणि कोमट वाफ आली तर कोणाचं तरी घर जोडलेलं आहे.

कोणाचं हे शोधायला रंग टाकतात. एका फ्लॅटच्या कमोडमधे खायचा रंग किंवा प्लंबरकडचा फ्लुरोसिनचा हिरवा रंग टाकून दोन बादल्या ओतायच्या, एक माणूस ड्रेनेज चेंबरवर आणि एक पावसाळीवर उभा करायचा, रंग कुठे आला ते फोनवर सांगायचं. संडासाचा, बाथरूमचा आणि किचनचा पाईप वेगवेगळा असतो, त्यामुळे तिन्ही वेगवेगळे तपासा, एक बरोबर निघाला म्हणून बाकीचे बरोबर असतीलच असं नाही. मोठ्या लाईनसाठी पाईपात कॅमेरा सोडतात, ते सोसायटीच्या आवाक्याबाहेरचं आहे, तसा रिपोर्ट झाला असेल तर मागून घ्या.

७. गच्चीचा पाईप ड्रेनेज चेंबरमधे सोडलाय, वर्षानुवर्षं चालतंय, काढायलाच हवा का?

हो. १५० चौरस मीटरची गच्ची, तासाला ४० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ६,००० लिटर. चार माणसांचं घर दिवसाला साधारण ४३० लिटर सांडपाणी करतं. म्हणजे तासाभरात तुमच्या एका बंगल्याने दोन आठवड्यांचं सांडपाणी लाईनला ढकललं. 'चालतंय' ते तुमचं, खालच्या अंगाला ज्याचं घर आहे त्याला विचारा (प्रश्न १०).

८. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी कुठे जातं?

ही सगळ्यात मोठी छुपी गडबड आणि यात कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं. बऱ्याच बिल्डिंगमधे बाल्कनीचा आउटलेट पावसाळी उभ्या पाईपाला जोडलेला असतो, कारण मूळ प्लॅनमधे तिथे फक्त पावसाचे शिंतोडे येणार होते. मग लोकांनी मशीन ठेवलं, भांडी घासायला सिंक बसवलं, कोणी बाल्कनी आत घेऊन चक्क किचन केलं. आता चाळीस फ्लॅटचा साबण रोज पावसाळी लाईनने ओढ्यात. ओढ्यावर पांढरा फेस दिसला की लोक कारखाना शोधतात, आणि ओढ्याला कारखाना नसतोच, असतात वॉशिंग मशिनं.

उपाय म्हणजे बिल्डिंगचे उभे पाईप ज्या डक्टमधून जातात तिथे वेगळा उभा पाईप टाकून बाल्कनीचे आउटलेट त्याला घ्यायचे, खाली गल्ली ट्रॅप (तळाला पाणी धरून वास वर येऊ न देणारा सांधा) बसवून ड्रेनेज चेंबरला जोडायचं. मात्र वरच्या मजल्यावर उघडी टेरेस असेल तर तिचा आउटलेट या नवीन पाईपाला घेऊ नका, नाहीतर प्रश्न ७ मधलीच चूक परत कराल. टेरेसवरच मशीन असेल तर मशीन हलवा, दुसरा स्वस्त मार्ग नाही.

९. गाडी धुतलेलं पाणी, टाकी साफ केलेलं पाणी, बांधकामाचं पाणी?

टाकीचं नुसतं पाणी पावसाळीत गेलं तर बिघडत नाही, ब्लीचिंग पावडर भरपूर मारली असेल तर ड्रेनेजमधे. पार्किंगमधे शॅम्पू लावून गाड्या धुणार असाल तर ड्रेनेज, पण मग वर छत पाहिजे, उघड्यावर असेल तर पाऊसही त्याच जाळीत येणार. बांधकामाचं सिमेंटचं पाणी कशातच नाही! ते पाईपात जाऊन दगड होतं आणि मग तो तुकडा फोडूनच काढावा लागतो.

१०. जोरात पाऊस आला की तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं. ही ड्रेनेज खात्याची चूक ना?

लाईन तुंबलेली असेल तर त्यांची. पण फक्त पावसातच येत असेल आणि एरवी सगळं सुरळीत असेल तर वरच्या अंगाच्या गच्च्या आणि पार्किंग तुमच्या लाईनमधे ओतताहेत. पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, ते तुमचं कमोड. तात्पुरता इलाज म्हणून कंपाऊंडमधल्या शेवटच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी झडप) बसवता येतो, पण तो वर्षातून दोनदा तरी साफ करावा लागतो, आणि बंद झाल्यावर तुमचंही पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे वरच्या मजल्यांना त्या वेळात नळ सोडू नका म्हणून सांगावं लागतं. सांगून बघा.

११. रस्त्यावर पाणी साचलं की आम्ही ड्रेनेजचं झाकण उचलतो, लगेच ओसरतं. चुकीचं आहे का?

कृपा करून करू नका. एक तर प्रश्न ३ चा हिशोब, रस्त्यावरचं पाणी ओसरलं म्हणजे ते खालच्या गल्लीतल्या घरात गेलं. वर पाण्यासोबत वाळू, खडी, पिशव्या आत जातात आणि लाईन कायमची बसते. आणि मुख्य म्हणजे पाण्याखाली उघडं भोक कोणाला दिसत नाही. २०१७ च्या ऑगस्टमधे मुंबईत एक नामवंत डॉक्टर पावसात घरी चालत निघाले आणि असेच उघड्या मॅनहोलमधे पडून गेले. पाणी साचतंय तर पावसाळी जाळ्या मे महिन्यातच साफ करून घ्या.

१२. घरोघरी खोदण्यापेक्षा ओढ्याच्या तोंडाशी सगळं पाणी अडवून प्लांटला का नाही नेत?

नेतात, आणि कोरड्या दिवसात ते कामही करतं. ओढ्याच्या शेवटी छोटा बंधारा, तिथून पाईप मुख्य ड्रेनेज लाईनला, नदी आठ महिने बरीच स्वच्छ दिसते. मुंबईतही नाल्यांचं बिनपावसाळी पाणी असंच वळवायची कामं झालीत. पण पाऊस आला की बंधाऱ्यावरून सगळं नदीत, आणि पूर्ण लांबीचा ओढा तर तसाच गटार राहतो, म्हणजे काठावर राहणाऱ्यांना फायदा शून्य. पाणी अडवून नेलं तरी ते शुद्ध करणारा प्लांट पाहिजेच, जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून पुण्यात जे ११ प्लांट ठरले त्यांची मिळून क्षमता रोजची ३९ कोटी ६० लाख लिटर आहे. त्यात ओढ्याचं झऱ्याचं स्वच्छ पाणीही ओतत बसलो तर क्षमता आणि वीज दोन्ही वाया. माझ्या मते हे पट्टी बांधण्यासारखं आहे, पट्टी लावा पण जखमेचं बघा.

१३. आमच्या वस्तीत गल्ली चार फुटांची आहे, दोन लाईन मावतच नाहीत. आम्ही काय करायचं?

इथे नियम वाकवावा लागतो आणि वाकवलेला बरा. अशा गल्लीत ड्रेनेज बंद पाईपाने उथळ टाकायचं, छोटी छोटी चेंबर घ्यायची, आणि पावसाचं पाणी वरच्या वर, मधोमध उतार दिलेल्या फरशीवरून मोठ्या रस्त्यापर्यंत वाहू द्यायचं. पाऊस जमिनीवरून वाहिला तर काही बिघडत नाही, मैला वाहू नये. अडचण येते ती उंबऱ्यांची, फरशीवर फरशी चढत गेली की घर खाली राहतं आणि पाणी घरात येतं, म्हणून जुनी फरशी काढूनच नवीन टाकायला लावा. ठेकेदार टाळतो.

१४. जुनी लाईन काढणार की तशीच ठेवणार?

सहसा ठेवतात. जुनी मोठी आणि धड असेल तर ती पावसाळी होते आणि शेजारी जास्त खोलीवर नवीन बारीक ड्रेनेज पडते. जुनी बारीक असेल तर उलट. पण जुनी लाईन पावसाळी करायची असेल तर तिला लागलेलं एकूण एक घर सुटलं पाहिजे. शंभरातली पाच घरं राहिली तर त्या पाच घरांचा मैला आधी निदान प्लांटला जात होता, तो आता थेट ओढ्यात जाणार, म्हणजे काम करून परिस्थिती बिघडवली! म्हणून जोड बदलण्याच्या आधी प्रश्न ६ ची रंगाची तपासणी परत करायला लावा, कागदावर सही घ्या.

१५. खर्च कोणाचा?

रस्त्यातली लाईन महापालिकेची, कंपाऊंडच्या आतलं सोसायटीचं. परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या आणि शेवटच्या चेंबरची पातळी आधी मोजा, कारण नवीन लाईन वर आणि तुमचं चेंबर खाली असं निघालं तर पंप लावावा लागतो आणि तो बिल कायमचं मागतो. पातळी जुळत नाही हे पाईप पडायच्या आधी सांगितलं तर बदलतात, नंतर कोणी ऐकत नाही.

१६. एवढ्या खोदाईत पिण्याच्या पाण्याची लाईन फुटली तर?

२०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) पेशंट सापडल्यापासून हा प्रश्न वाढलाय आणि काळजी रास्त आहे. पाण्याची लाईन वर आणि ड्रेनेज खाली, मधे अंतर, हा नियम. आपल्याकडे पाणी ठराविक वेळच येतं, बाकी वेळ पाईपात दाब नसतो, तेव्हा बारीक भोकातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे खड्डा उघडा असेपर्यंत नळ सुटल्यावर पहिलं पाणी सोडून द्या, पिण्याचं उकळा, वास आला तर लगेच नमुना तपासायला द्या.

१७. पावसाचं पाणी तरी कुठे स्वच्छ असतं? रस्त्यावरचं ऑइल, कुत्र्यांची घाण सगळं ओढ्यातच जाणार ना?

बरोबर, आणि हे मान्य करायलाच हवं. पहिल्या पावसाचं रस्त्यावरचं पाणी चांगलंच घाण असतं आणि लाईन वेगळी केल्यावर ते कुठल्याच प्लांटला जात नाही. यावर इलाज रस्ता झाडणे, जाळीखाली गाळ बसायला खड्डा ठेवणे, ओढ्याकाठी माती आणि झाडं शिल्लक ठेवणे. तरी मैला आणि रस्त्याची धूळ यांची बरोबरी नको, रोगाचे जंतू मैल्यात असतात आणि तो रोज येतो.

१८. आमचं रेनवॉटर हार्वेस्टिंग पावसाळी चेंबरलाच जोडलंय, चालेल?

नाही. हार्वेस्टिंगच्या बोअरला फक्त गच्चीचं पाणी, तेही गाळणीतून आणि पहिला पाऊस सोडून. प्रश्न ८ वाला प्रकार तुमच्या बिल्डिंगमधे असेल तर तुम्ही साबणाचं पाणी थेट भूजलात घालताय. आधी ते तपासा.

१९. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी आहे, जास्तीचं शुद्ध पाणी पावसाळीत सोडू का?

फ्लशला आणि बागेला वापरा, उरलेलं ड्रेनेजमधे सोडा. बऱ्याच ठिकाणी प्लांट विजेच्या बिलापायी बंद असतो आणि रात्री कच्चं पाणी ओढ्यात जातं, त्यामुळे 'आमचं शुद्ध आहे' यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

२०. चेंबर तुंबलं, ओळखीचा माणूस उतरून काढतो म्हणतो. चालेल ना, घरचंच काम आहे?

अजिबात नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मधे अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. प्रश्न ५ मधला गॅस जास्त झाला की त्याचा वाससुद्धा येईनासा होतो, आत गेलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही. जेटिंग मशीन (जोरात पाणी मारून तुंबलेलं काढणारं) मागवा.

२१. काम झाल्यावर ओढ्याचा वास कधी जाईल?

लगेच नाही. तळाला वर्षानुवर्षांचा काळा गाळ असतो, तो काढल्याशिवाय उन्हाळ्यात बुडबुडे येतच राहणार. आंबिल ओढ्यासारखा ओढा कात्रजपासून दांडेकर पुलाच्या पुढे मुठेपर्यंत येतो, तुमच्या गल्लीने सुधारणा केली आणि वरच्या पाच भागांनी नाही केली तर तुम्हाला फरक दिसणार नाही. शिवाय ड्रेनेजची मुख्य लाईन उताराच्या सोयीने ओढ्याच्या पात्रातूनच गेलेली असते, आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला तसा लोंढा आला की पात्रातली चेंबर फुटू शकतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर ती बघायला हवीत.

तपासायची पद्धत सोपी आहे. एप्रिलमधे पावसाळी लाईनच्या तोंडातून ओढ्यात पाणी पडताना दिसलं तर तिथून वरच्या बाजूला एकेक चेंबर उघडून बघत जायचं. जे पहिलं कोरडं लागेल, ते आणि त्याच्या खालचं ओलं, या दोघांच्या मधे कोणाचं तरी कनेक्शन आहे. त्या टप्प्यातल्या बिल्डिंगांना रंग टाका.